कानामागून

कानाच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते तेव्हा मी घरात पहिल्यांदा तक्रार केली, की चहात कुणीतरी किल्ली बुडवली आहे. नवऱ्यानं पातेलं बदललं. मग दूध बदललं. तिसऱ्या दिवशी त्यानं चहाची पूडही बदलली, आणि कोलकात्यात चहाची पूड बदलणं ही साधी गोष्ट नाही. किल्ली गेली नाही.

हे जानेवारी २०२४ मधलं. ऑपरेशन डाव्या कानाचं होतं. सांगलीला लहानपणी माझा तो कान दर पावसाळ्यात फुटायचा. कान फुटणं म्हणजे पू वाहणं. घरात कुणी गरम तेल घालायचं, कुणी लसूण, आणि दिवाळीपर्यंत तो आपोआप सुकायचा. पडद्याला पडलेलं भोक मात्र तसंच राहिलं. सेहेचाळिसाव्या वर्षी डावीकडून बोलणाऱ्यांची वाक्यं अर्धी यायला लागली. माझं पोट दोन भाषांच्या कानांवर चालतं, त्यामुळे ऑपरेशनला मी फार आढेवेढे न घेता तयार झाले. कानामागे चीर द्यायची, कानावरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढायचं आणि त्याचं ठिगळ पडद्याला लावायचं. ठिगळ छान बसलं. महिनाभरात मला पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली, जी बाकी घराला कधीपासूनच येत होती.

पण चहा चहासारखा लागेना. वरणभात ओल्या पुठ्ठ्यासारखा लागे. ओळखीचे विचारत, ‘कोविड झाला का?’ २०२० पासून चव गेली म्हटलं की सगळ्यांना तेच सुचतं, आणि त्यात काही चूक नाही. चव गेली म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा खरं तर वास गेलेला असतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा घशामागून नाकात चढलेला वास असतो. माझा वास शाबूत होता. हिंगाची फोडणी शेजारच्या फ्लॅटमध्ये पडली तरी मला कळत होती. मग एका दुपारी मी कानात घालायच्या कापसाच्या काड्या घेतल्या, तीन वाट्यांत मीठपाणी, साखरपाणी, लिंबू काढलं आणि आरशासमोर बसले. जिभेच्या उजव्या बाजूला तिन्ही चवी नीट लागल्या. डाव्या बाजूला, पुढच्या भागात, काहीच नाही. काडीचा स्पर्श कळत होता, ओलेपणा कळत होता, चव नव्हती. मधोमध भांग पाडावा तशी सरळ रेघ होती. मी ती काडी रेघेवरून इकडून तिकडे चार-पाच वेळा नेली. मीठ, काही नाही, मीठ, काही नाही.

तपासणीला गेले तेव्हा सर्जनना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, ‘ओ तो होतेइ पारे.’ असं होऊ शकतंच. त्यांचा सूर निष्काळजीपणाचा नव्हता. ज्यांच्या रोजच्या कामात एखादी गोष्ट येते ते ती ज्या सुरात सांगतात, त्या सुरात. मी म्हटलं, आधी सांगितलं असतंत तर. ते म्हणाले, फॉर्मवर होतं. घरी येऊन फाइल काढली. होतं. चौथ्या पानावर, चवीत बदल होण्याची शक्यता, आणि खाली माझी सही. प्रत्येक पानावर माझी सही. एका स्वल्पविरामासाठी प्रकाशकाशी भांडणारी मी, तो मजकूर न वाचता सही करून मोकळी झाले होते.

कानाचा आणि जिभेचा संबंध काय, हे मग मी स्वतःच वाचलं. चेहऱ्याच्या नसेपासून एक बारीक फाटा निघतो. तो मधल्या कानात शिरतो, पडद्याच्या आतल्या अंगानं, हातोडी आणि ऐरण या दोन इवल्या हाडांच्या मधून आडवा जातो, पुन्हा कवटीबाहेर पडतो आणि जिभेकडे जाणाऱ्या नसेला मिळतो. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव तो मेंदूकडे नेतो. मागच्या भागाची नस वेगळी. त्या फाट्याचं नाव कॉर्डा टिंपनी. लॅटिनचा शब्दशः अर्थ घेतला तर नगाऱ्याची तार. कानाच्या पडद्यावर काम करणाऱ्या सर्जनच्या दृष्टीनं ही तार म्हणजे खिडकी दुरुस्त करताना नेमकी मध्ये येणारी वायर. ती बाजूला सारावी लागते. सारताना कधी ताणली जाते, कधी तुटते. ताणलेली असेल तर महिन्यांनी पूर्वपदावर येऊ शकते; तुटलेली असेल तर सांगता येत नाही. तोंडातली किल्लीही त्याच दुखावलेल्या तारेची करणी.

शाळेच्या पुस्तकात जिभेचा एक नकाशा होता, टोकाला गोड, कडेला आंबट-खारट, मागे कडू. आम्ही तो रंगीत खडूंनी काढलाय. तो चुकीचा आहे हेही मला आत्ता कळलं. १९०१ साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकानं जिभेच्या वेगवेगळ्या भागांतला जो बारीक फरक नोंदवला होता, तो पुढे इंग्रजी पाठ्यपुस्तकांत येताना फुगत गेला आणि फरकाचे प्रांत झाले. भाषांतरात जे होतं तेच. प्रत्यक्षात जिथे चवीच्या कळ्या आहेत तिथे सगळ्या चवी लागतात. माझ्या जिभेवर मात्र आता खराखुरा नकाशा होता, आणि त्यात एक ओसाड जिल्हा.

एक चव मात्र दोन्हीकडे सारखी लागत होती. तिखट. मिरचीचा ठेचा डाव्या बाजूला ठेवला तर डावी बाजूही तेवढीच पेटायची. कारण शरीराच्या हिशेबात तिखट ही चवच नाही. ती भाजल्याची, दुखल्याची खबर आहे आणि ती वेगळ्या नसेनं जाते. तुरटाचंही बरंचसं तसंच, तो जिभेला बसलेला आवळ आहे. म्हणजे आपल्या सहा रसांतले दोन शरीरशास्त्र चवींत धरत नाही, आणि जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या रश्श्यातून शोधलेली उमामी त्यात घालतं. मराठीत आपण आणखी एक घोटाळा करून ठेवलाय. संस्कृतातला कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. कटुचा कडू करताना आपण अर्थ उलटा केला. बंगालीनं तिक्तचा तेतो केला आणि अर्थ कडूच ठेवला. तिथे जेवणाची सुरुवातच तेतोनं होते. वैद्यकाची जुनी पुस्तकं मराठीत वाचणाऱ्यांनी या दोन शब्दांपाशी सावध राहावं. असो. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरत आले. माझ्या कानामागे सात टाके होते आणि उरलं होतं ते फक्त तिखट.

हे सगळं मला विनोदानं सांगता येतं, कारण माझं नुकसान अर्ध्या जिभेचं आहे. ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती ही नाही.

चव जाण्याची कारणं वाचत गेले तर यादी संपेना. तोंड कोरडं पडणं, हिरड्यांचे आजार, जस्ताची कमतरता, मधुमेह, निकामी होत जाणारी मूत्रपिंडं, चेहऱ्याचा लकवा, अक्कलदाढ काढताना दुखावलेली नस, तोंडाच्या कर्करोगावर दिलेले किरण. आणि औषधं. रक्तदाबाची काही, थायरॉइडची, काही प्रतिजैविकं. आणि बुरशीवरचं टर्बिनाफिन, नखांच्या बुरशीसाठी देतात ते. थोड्या जणांच्या बाबतीत हे औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी चव मंदावते किंवा पूर्ण जाते, आणि औषध थांबवल्यावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, परत येते. वय जास्त आणि वजन कमी असेल तर धोका अधिक.

मी ते पान तीनदा वाचलं. मग उठून गॅलरीत गेले.

२०२२ च्या पावसाळ्यात आईच्या पायाची नखं जाड, पिवळी झाली होती. दादा तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. बाबा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. सप्टेंबरच्या शेवटाला आई फोनवर म्हणायला लागली, ‘तोंडाला चव नाही गं.’

हे वाक्य आपल्याकडे किती जण किती वेळा म्हणतात. तापातून उठलेले म्हणतात, म्हातारे म्हणतात, सुनेच्या हातचं जेवणारे म्हणतात. मी ते जसं ऐकायचं तसं ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही. आधी कोविडची चाचणी झाली, ती निगेटिव्ह आली. मग सगळ्यांचं ठरलं, हे बाबांमुळे. आई बोलायची ते मला आता शब्दशः आठवतं, आणि त्याचा त्रास होतो. ती म्हणायची, ‘भूक लागते. चव लागत नाही.’ ती म्हणायची, ‘फोडणीचा वास येतो, पण घास तोंडात घेतला की कापूस.’ याहून नेमकं वर्णन कुणी काय करणार? भूक आहे, म्हणजे अन्नावरची वासना उडालेली नाही. वास आहे, म्हणजे नाक ठीक आहे. गेली आहे ती फक्त चव. पन्नास वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईनं निदान करून हातात दिलं होतं. मी त्याचा भावार्थ काढत बसले.

त्या दिवाळीला मी सांगलीला होते. पाडव्याला आत्या आणि तिच्याकडची चार माणसं जेवायला आली. आमटी आईनं केली. तिनं नेहमीसारखी तळहातावर थेंब घेऊन चाखली, मीठ घातलं, पुन्हा चाखली, पुन्हा घातलं. मी तिथेच खोबरं किसत होते. पानावर बसल्यावर कुणी काही बोललं नाही. आत्यानं दोन तांबे पाणी प्यायलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात दादा वहिनीला हसत म्हणाला, ‘आज समुद्र मंथून काढला आईनं.’ आई बाहेर तुळशीपाशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्याकडे आलीच नाही. वहिनींनी विचारलं तर म्हणाली, ‘तू कर. मला कळत नाही.’ पुढचे अडीच महिने तिनं चुलीवर काही ठेवलं नाही. तोवर तिचं वजन सहा किलोनं उतरलं होतं.

मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ मीच घेतली. आई नको म्हणत होती. मी तिला समजावलं, हल्ली सगळे जातात, त्यात काही नाही. डॉक्टर चांगले होते, घाई करत नव्हते. त्यांनी आईला विचारलं, ‘भूक लागते का?’ आणि उत्तर मी दिलं. मी म्हटलं, ‘जेवतच नाही हो नीट.’ आईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती आपल्या पदराच्या काठाकडे पाहत राहिली, आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांना मीच उत्तरं दिली. झोप? कमी. रडू? येतं, पण लपवते. दुभाषानं कधी करू नये ते हेच. गोळी सुरू झाली. बाहेर रिक्षात बसताना आई एवढंच म्हणाली, ‘वेडी ठरवलंत.’ मी चिडले होते. काय म्हणाले ते लिहीत नाही.

नखांच्या गोळ्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपल्या. संक्रांतीला आईचा फोन आला. ‘तिळगूळ गोड लागला,’ ती म्हणाली. तेवढं सांगायलाच केला होता. आम्ही सगळ्यांनी श्रेय त्या दुसऱ्या गोळीला दिलं. आईनंही दिलं. चव पुन्हा जाईल या भीतीनं ती गोळी तिनं एक दिवस चुकवली नाही.

मी यादवपूरला तौलनिक साहित्यात एम. ए. केलं. १९५६ साली बुद्धदेव बसूंनी सुरू केलेला तो विभाग. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरत रस समजावून सांगताना जेवणाचाच दाखला देतो, हे मी तिथे शिकले आणि त्यावर निबंध लिहून चांगले गुण मिळवले. चव ही इतक्या गोष्टींची उपमा आहे, की ती कधी कधी नुसती चव असते हे शिकलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. माझ्या एका अनुवादात कादंबरीतली म्हातारी म्हणते, ‘मुखे स्वाद पाइ ना.’ मी त्याचं केलं होतं, ‘अन्नावरची वासना उडाली आहे.’ फार चांगलं मराठी वाक्य आहे. संपादकांनी त्याखाली बरोबरची खूण केली होती. पण म्हातारी ते म्हणत नाहीये. दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्ती पाठवली आहे.

मार्चअखेर मी सांगलीला गेले. जाण्याआधी फोनवर मी माझ्या जिभेबद्दल आईला सांगितलं होतं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला होता. लोखंडासारखं, नाण्यासारखं, असं काहीतरी मी चाचपडत होते. ती पटकन म्हणाली, ‘कळकल्यासारखं?’ कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. मी हा शब्द तीस वर्षांत वापरला नव्हता. स्टीलच्या भांड्यांनी तो आमच्या घरातून घालवला होता, आणि तो नेमका माझ्या तोंडात होता. तिनं कोविडबद्दल विचारलं नाही, झोपेबद्दल विचारलं नाही. म्हणाली, ‘आंबट खाऊ नकोस, त्यानं वाढतं. आणि भात गार करून खा.’

फाइली वहिनी नीट ठेवतात. प्लॅस्टिकच्या कव्हरात, वर्षावार. त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी निघाली: टर्बिनाफिन २५०, रोज एक, १२ आठवडे. तारीख ५ ऑगस्ट २०२२. यकृताची तपासणी केल्याचा रिपोर्टही होता, म्हणजे डॉक्टरांनी काळजी घेतली होती. जिभेबद्दल मात्र घरात कुणाला काही सांगितल्याचं आठवत नव्हतं. आणि आम्हीही त्यांना काही सांगितलं नव्हतं. पायाच्या नखाच्या डॉक्टरांना जेवणाची तक्रार कोण सांगतं? मी कागदावर तारखा लिहिल्या. गोळी सुरू, चव गेली, गोळी संपली, चव आली. यानं काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. वर्ष झालेलं दुःख आणि नखाची गोळी दोन्ही एकाच वेळी एकाच बाईच्या पोटात होती. पण तारखा बसत होत्या.

आईनं चष्मा लावून तो कागद वाचला. मला वाटलं होतं, ती रागावेल. मला वाटतं, मला तेच हवं होतं. ती म्हणाली, ‘नखासाठी एवढं?’ मग पाय पुढे करून नखांकडे पाहिलं. ‘नखं मात्र छान झाली.’

थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘मग ही दुसरी गोळी कशासाठी घेते मी?’

दादा म्हणाला, असूदे, त्रास तर नाही ना होत. मी म्हटलं, आपण ठरवायचं नाही. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही त्याच डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मी बाहेर बाकावर बसले आणि आई एकटी आत गेली. वीस मिनिटं लागली. ती काय बोलली ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. अशी गोळी एकदम बंद करत नाहीत. त्यांनी ती हळूहळू उतरवायचं लिहून दिलं, तीन महिन्यांत. मधल्या काळात आई दर आठवड्याला मला फोन करून काय काय खाल्लं ते सांगायची, आणि प्रत्येक पदार्थापुढे चव: शेवग्याची आमटी, आंबट-गोड बरोबर. कारलं, कडू. शिरा, गोड, वेलदोडा जास्त. गोळी पूर्ण सुटली. चव राहिली. बाबांसाठी ती अजून रडते, आणि ते लपवत नाही.

माझी किल्ली आठ-नऊ महिन्यांनी गेली. काड्यांची परीक्षा मी अजून अधूनमधून घेते. डावी बाजू गप्पच आहे. पण रोजच्या जेवणात ते कळत नाही. जिभेला जिथे घासाचा स्पर्श होतो तिथेच चव लागली असं मेंदू मानून घेतो आणि रिकामी जागा भरून काढतो. तरी मिठाच्या बाबतीत माझा स्वतःवर पूर्ण भरवसा नाही.

गेल्या दिवाळीला पुन्हा सांगलीला होतो. पाडव्याची आमटी आईनं केली. उकळी फुटल्यावर तिनं पळीतून माझ्या तळहातावर थेंब टाकला.

‘उजवीकडून बघ,’ ती म्हणाली.

मी बघितलं. म्हटलं, ‘मीठ कमी आहे.’

तिनं स्वतःच्या हातावर घेतलं, चाखलं. ‘बरोबर आहे,’ म्हणाली आणि झाकण ठेवलं.